नळ जोराने बंद होत नाही

न्हाणीघरातला नळ ठिबकायला लागला की आपण सगळे आधी एकच गोष्ट करतो, तो आणखी आवळतो. ठिबकणं थांबतं. काही दिवसांनी पुन्हा सुरू होतं, मग आणखी थोडं आवळतो. घरात सूचना फिरते, ‘नीट घट्ट बंद करत जा रे.’ मुलांच्या हाताने तो बंद होईनासा होतो, आजीच्या हाताने तर नाहीच. असं करता करता कुणाच्याच हाताने तो बंद होत नाही आणि मग नवा नळ आणायचं ठरतं.

या सगळ्यामागे एक समजूत असते. नळ जोराने बंद होतो, आणि तो ठिबकतो आहे म्हणजे जोर कमी पडला आहे. मला इथे सावकाश मांडायचं आहे ते एवढंच की ही समजूत खरी नाही. नळाच्या आत एक मऊ चकती एका कडक कडेवर बसते. ती नीट बसली की पाणी थांबतं. बसली नाही तर कितीही पिळा, फार काळ थांबत नाही. एवढं मनात पक्कं झालं की बाकीची दुरुस्ती त्यातूनच उलगडत जाते. नळ का ठिबकतो, त्यात काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही आणि कुठे थांबून प्लंबरला बोलवायचं, हे सगळं त्या एका गोष्टीत आहे.

बादलीवर असतो तो साधा अर्धा इंची पितळी नळ डोळ्यांसमोर आणा. दुकानात त्याला बिब कॉक म्हणतात. भिंतीतून आलेलं पाणी त्याच्या पोटात शिरतं आणि तोटीकडे वळण्याआधी त्याला एका गोल भोकातून वर यावं लागतं. या भोकाची काठाशी किंचित उचललेली कडा म्हणजे सीट. ती नळाच्या पितळेचीच असते. तिच्या डोक्यावर आटे पाडलेला एक दांडा, स्पिंडल, उभा असतो. त्याच्या खालच्या टोकाला एक छोटी पितळी थाळी आणि थाळीच्या पोटाला रबराची चकती, म्हणजे आपला वायसर. चावी फिरवली की आट्यांवरून स्पिंडल खाली सरकतो आणि वायसर कडेवर टेकतो. बस, नळ म्हणजे एवढंच. उरलेलं सगळं हे तीन तुकडे जागेवर धरून ठेवण्यासाठी आणि दिसायला बरं दिसावं म्हणून.

आता जोराचा हिशोब करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. टाकी गच्चीवर आहे आणि नळ तिच्या पाण्यापासून १० मीटर खाली, म्हणजे साधारण तीन मजले खाली आहे असं धरा. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. सीटच्या भोकाचा व्यास १३ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ होतं सव्वा चौरस सेंटिमीटरच्या जरा वर. म्हणजे पाणी वायसरला खालून ढकलतं ते दीड किलोपेक्षाही कमी जोराने. वरच्या मजल्यावर तर त्याहून कमी. अख्ख्या टाकीचं पाणी आपण अडवून धरतो असं वाटतं, प्रत्यक्षात बोटाने दाबून धरता येईल एवढंच ते काम आहे.

आता आपल्या हाताकडे पाहा. चावीचा घेर पाच सेंटिमीटर व्यासाचा असेल तर एका पूर्ण फेऱ्यात बोटं जवळजवळ १६ सेंटिमीटर फिरतात, आणि तेवढ्यात स्पिंडल खाली सरकतो दोन-तीन मिलिमीटर. हात लांब फिरतो, स्पिंडल थोडा सरकतो, आणि या फरकाच्या पटीत जोर वाढतो. आट्यांच्या घर्षणात त्यातला बराच खर्ची पडतो, पण माझ्या ढोबळ अंदाजाने तरीही पंधरा-वीस पट उरतो. चावीवर सहज दोन किलोचा जोर लावला तर वायसरवर तीस-चाळीस किलो पडतात. अडवायचं आहे दीड किलो आणि आपण लावतो आहोत तीस किलो. यावर नळ ठिबकत असेल तर कमतरता जोराची नक्कीच नाही.

मग कशाची? टेकण्याची. पितळेची कडा हाताला गुळगुळीत लागली तरी तिच्यात बारीक उंचसखलपणा असतोच. त्यावर दुसरं पितळ टेकवलं तर उंचवटे उंचवट्यांना भिडतील आणि मधल्या खळग्यांतून पाणी वाट काढेल. पाण्याला फार मोठी फट लागत नाही. रबर मात्र खळग्यात शिरतं, उंचवट्यापुढे माघार घेतं, आणि कडेच्या पूर्ण वर्तुळावर कुठेच जागा सोडत नाही. पाणी अडतं ते या मऊपणामुळे. पितळेचं काम वायसरला आधार देण्याचं आणि तो सरळ खाली आणण्याचं.

हे नेहमीच असं नव्हतं. तांब्याच्या बंबाला असायची ती जुनी तोटी ज्यांनी वापरली असेल त्यांना आठवेल. निमुळत्या घरात बसवलेला निमुळता पितळी खुंट, त्याला आरपार भोक, पाव फेरा फिरवला की भोक आडवं होऊन पाणी बंद. त्यात रबर नाही, धातूवर धातू. खुंट आणि घर एकमेकांत घासून जुळवलेले असतात तोवर ती उत्तम चालते. झिजली की पुन्हा घासून जुळवावी लागते आणि ते घरी कुणालाही करता येण्यासारखं काम नाही. शिवाय ती एकदम बंद होते. दाबाखाली पळणारं पाणी क्षणात अडलं की त्याचा धक्का अख्ख्या नळीला बसतो. शहरांत दाबाने पाणीपुरवठा सुरू झाला तेव्हा हे अडचणीचं ठरलं. इंग्लंडात रॉदरहॅम इथल्या गेस्ट आणि क्राइम्स या पितळकाम करणाऱ्या कारखान्याने १८४५ साली आट्यांवर खाली येणाऱ्या नळाचं पेटंट घेतलं आणि तो बनवायला सुरुवात केली. पुढे पंधरा वर्षांनी, १८६० मध्ये, विहार तलावाचं पाणी मुंबईला मिळू लागलं. आज आपल्या मोरीत असलेला साधा नळ त्याच १८४५च्या कल्पनेवर चालतो. सुरुवातीला वायसर चामड्याचे असत, मग फायबरचे आणि रबराचे आले.

या रचनेतली मला सर्वात शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे झीज कुणाच्या वाट्याला जाणार हे तिने आधीच ठरवून टाकलं आहे. कडक आणि मऊ एकमेकांवर रोज टेकले तर झिजणार मऊ. कडक भाग नळाच्या अंगाचा आहे आणि नळ भिंतीत आहे, म्हणून तो झिजू द्यायचा नाही. मऊ भाग पाच-दहा रुपयांचा आणि दोन आटे उघडले की हातात येणारा. झिजण्यासाठीच तो तिथे ठेवला आहे. तेव्हा वायसर गेला म्हणजे नळ बिघडला असं म्हणणं मला पटत नाही. त्या नळाने आपलं काम अगदी ठरल्याप्रमाणे केलं आहे.

बनवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घेतलेली असते. चांगल्या नळात वायसरची थाळी स्पिंडलला घट्ट जोडलेली नसते, त्याच्या टोकाच्या भोकात सैल बसवलेली असते. त्यामुळे वायसर कडेला टेकला की तो फिरायचा थांबतो, फक्त स्पिंडल फिरत राहतो. रबर कडेवर घासलं जाऊ नये, सरळ वरून टेकावं, यासाठी ही सोय. नळ बसला पाहिजे, घासला जाता कामा नये, हे त्या छोट्याशा सैल थाळीतच लिहिलेलं आहे म्हणा ना.

आता पहिल्या परिच्छेदातल्या आवळण्याकडे परत पाहा. तीस-चाळीस किलोने रोज दाबलेल्या रबरावर कडेचा वर्तुळाकार चर उमटतो. काही वर्षांनी रबर कडक होतं, गिझरच्या नळात तर फारच लवकर, कारण उष्णतेने त्याचा लवचीकपणा जातो. कडक झालेलं रबर खळग्यात शिरत नाही आणि ठिबकणं सुरू होतं. आपण आणखी आवळतो, चर आणखी खोल होतो. शेवटी चराच्या तळाशी रबर संपतं आणि थाळीचं पितळ कडेच्या पितळेला भिडतं. इथून पुढे खरं नुकसान होतं. शिवाय ठिबकतं पाणी कडेच्या एकाच जागेवरून सतत वाहतं, त्यात टाकीतला वाळूचा कण असतो, आणि कडेवर बारीक खाच पडते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काही प्रकारच्या पाण्यात यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे लालसर, भुसभुशीत तांबं उरतं. असं झालं की खाच आणखी लवकर वाढते. वायसर वेळेवर बदलला असता तर जे झिजायचं तेच झिजलं असतं. आवळून आपण ती झीज नळाच्या अंगावर ढकलली.

हत्यार हातात घेण्याआधी मात्र थेंब नक्की कुठून आणि केव्हा येतो हे पाहावं. शॉवर बंद केल्यावर थोडा वेळ ठिबकतो ते जाळीत अडकलेलं पाणी असतं, गळती नव्हे. नळ चालू असतानाच चावीच्या मुळाशी पाणी येतं आणि तोटी मात्र बंद केल्यावर कोरडी राहते, तेव्हा वायसरचा काही दोष नाही. तिथे पाणी वर येऊ नये म्हणून स्पिंडलभोवती गुंडाळलेली दोरी, म्हणजे ग्लँडची दोरी, सुकली आहे. ती दाबून धरणारा ग्लँड नट जरा आवळून पाहावा, नाहीतर दोरीचे दोन-तीन वेढे नवे घालावेत. रात्री जास्त ठिबकणारा नळ थेट नगरपालिकेच्या लाइनवर असेल तर तेही समजण्यासारखं आहे, कारण गावाचा वापर थांबला की लाइनमधला दाब वाढतो आणि दिवसा जेमतेम टिकणारा वायसर रात्री हार मानतो.

गिझरची एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटरच्या गिझरमधलं पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की त्याचं आकारमान सुमारे २०० मिलिलीटरने वाढतं. या वाढीव पाण्याला मागे टाकीकडे जायला वाट नसेल तर ते सुरक्षा व्हॉल्व्हमधून किंवा जो नळ सर्वात अशक्त असेल त्यातून बाहेर पडतं. म्हणून गरम पाण्याचा नळ फक्त गिझर चालू असतानाच ठिबकत असेल तर आधी गिझरचे व्हॉल्व्ह तपासून घ्या. आणि सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी टपकतं म्हणून तो कधीही बुजवू नका. तो तिथून टपकण्यासाठीच आहे.

थेंब तोटीतूनच येतो आहे, नळ बंद असतानाही येतो आहे, अशी खात्री झाली की कामाला लागावं. पहिली पायरी पाणी बंद करण्याची. फ्लॅटमध्ये बहुधा न्हाणीघराच्या भिंतीत एक स्टॉप कॉक असतो, नाहीतर गच्चीवर टाकीच्या नळीला व्हॉल्व्ह असतो. तो बंद करून दुरुस्तीचा नळ पूर्ण उघडा सोडायचा आणि नळीतलं पाणी निथळू द्यायचं. गरम-थंड एकत्र असलेल्या नळात दोन्हीकडचं पाणी बंद करायचं आणि गिझरचं बटणही. मोरीच्या जाळीवर एक फडकं टाकायचं. चावीचा छोटा स्क्रू हातातून निसटला की थेट जाळीत जातो, आणि तसा स्क्रू सुटा मिळवायला अर्धा दिवस जातो.

चावीच्या डोक्यावरची टोपी नखाने किंवा पातळ पेचकसाने अलगद उचलली की खाली स्क्रू दिसतो. तो काढून चावी वर ओढायची. क्षाराने ती धरून बसली असेल तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवावं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या घरी याची गरज हमखास पडते, पांढरा थर त्या पाण्यातल्या कॅल्शियमचाच असतो आणि आम्लात तो विरघळतो. हातोडी मारू नये. चावी निघाली की स्पिंडल धरणारा षटकोनी भाग उघडा पडतो. दुकानात याला हेडपार्ट म्हणतात. त्याला स्क्रू पाना लावायचा. क्रोमवर ओरखडे नको असतील तर पान्याच्या जबड्यात कापडाची घडी घालावी.

इथे दोन गोष्टी मी आग्रहाने सांगेन. एक, हेडपार्ट सोडवण्याआधी आणि परत बसवतानाही स्पिंडल वर उचललेल्या स्थितीत, म्हणजे नळ उघडा ठेवावा. नाहीतर वायसर कडेवर दाबलेला राहतो आणि हेडपार्ट फिरवताना आपण आटे नाहीतर कडा दुखावतो. दुसरी याहून महत्त्वाची. एका हाताने पाना फिरवताना दुसऱ्या हाताने, किंवा दुसऱ्या पान्याने, नळाचं अंग घट्ट धरून ठेवावं. आपला जोर हेडपार्टवर पडला पाहिजे, भिंतीतल्या नळीवर नाही. जुन्या इमारतींत भिंतीआड गॅल्व्हनाइज्ड लोखंडी नळ्या आहेत, त्यांचे आटे आतून गंजून कागदासारखे झालेले असतात. नळाचं अंग जरासं फिरलं तरी ते भिंतीत तुटतात, आणि वायसरच्या कामाचं रूपांतर टाइल फोडण्यात होतं. हेडपार्ट बेताच्या जोराने हलत नसेल, किंवा नळाचं अंगच हलायला लागलं, तर तिथेच थांबावं. अशा वेळी प्लंबरला बोलावणं हाच योग्य निर्णय आहे, त्यात कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही.

हेडपार्ट बाहेर आला की थाळी आणि वायसर समोर येतात. वायसरवर उमटलेला तो वर्तुळाकार चर एकदा बोटाने चाचपून पाहा. मी नळदुरुस्ती कुणालाही दाखवतो तेव्हा इथे मुद्दाम थांबतो. इतका वेळ चाललेलं सगळं बोलणं त्या चरात दिसतं, आणि ज्याने तो एकदा पाहिला त्याचा हात पुढे आयुष्यभर नळ बंद करताना आपोआप हलका होतो. लहान मुलांना तर अवश्य दाखवावं.

जुना वायसर खिशात घालूनच हार्डवेअरच्या दुकानात जावं. ‘अर्धा इंची द्या’ म्हणून भागत नाही, बाहेरचा व्यास, मधलं भोक आणि जाडी तिन्ही जुळायला हवीत. दुकानदार काका डब्यातून चार प्रकार काढून समोर ठेवतील, त्यातला जुळणारा घ्यावा आणि एक जादा घेऊन ठेवावा. गरम पाण्यासाठी असेल तर तसं सांगून घ्यावा. बसवताना थाळीवर आधीच्या रबराचे तुकडे चिकटलेले असतील ते खरवडून काढावेत, स्पिंडलच्या आट्यांवर पाण्यात न विरघळणारं ग्रीस किंचित लावावं.

वायसर बसवण्याआधी नळाच्या पोटात बोट घालून कडेवरून एक पूर्ण फेरा घ्यायचा. हे बरेच जण करत नाहीत, आणि नवा वायसर घालूनही नळ आठवड्यात पुन्हा ठिबकला तर कारण बहुधा इथेच असतं. कडा सगळीकडे सारखी लागली तर उत्तम. क्षाराचा खडा किंवा वाळू असेल तर पुसून काढायची. खाच लागली तर मात्र नव्या रबराने फार दिवस निभावणार नाही. मऊ वस्तू बारीक खळगा भरते, खाच भरू शकत नाही. प्लंबरकडे सीट घासून सपाट करण्याचं हातातलं छोटं कटर असतं, त्याने कडा पुन्हा नीट करता येते. ते करणारे प्लंबर आता कमी झाले आहेत हे खरं, कारण नवा नळ बसवण्यात वेळ कमी जातो आणि पैसे जास्त मिळतात. पण कुणाला करता येत असेल तर त्याच्याकडून अवश्य करून घ्यावं आणि त्या कामाचे त्याला नीट पैसे द्यावेत.

मग सगळं उलट्या क्रमाने परत. हेडपार्ट आधी बोटांनी फिरवून आटे सरळ लागले आहेत ना ते पाहायचं, मग पान्याने बेताचं आवळायचं. नळ अर्धवट उघडा ठेवून स्टॉप कॉक हळूहळू सोडायचा, नळीत साठलेली हवा आणि गाळ फुरफुरत निघून जाऊ द्यायचा. त्यानंतर नळ बंद करायचा, तो दोन बोटांनी. पाणी थांबलं की तिथेच हात काढून घ्यायचा.

कुणी म्हणेल, आमच्या घरी असले आट्यांचे नळ राहिलेच नाहीत, सगळे पाव फेऱ्याचे आहेत. बरोबर आहे, नव्या इमारतींत तेच असतात. त्यांत रबराच्या वायसरच्या जागी चिनी मातीसारख्या कडक पदार्थाच्या, बहुधा ॲल्युमिनाच्या, दोन चकत्या असतात. जात्याची वरची तळी खालच्या तळीवर फिरते तशी एक चकती स्थिर दुसरीवर फिरते, भोकं समोरासमोर आली की पाणी सुरू, सरकली की बंद. म्हणजे एका अर्थाने आपण बंबाच्या तोटीकडे परत आलो, कडकावर कडक. फरक एवढाच की या चकत्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की खळगेच उरत नाहीत, आणि पदार्थ इतका कडक की झिजायला फार काळ लागतो. मऊपणाचं काम सपाटपणाने घेतलं. जोराला इथे आणखीनच कमी काम आहे. पाव फेरा झाला की चावी खुंटीला अडते. त्यापुढे दाबल्याने चकत्या जास्त बंद होत नाहीत, फक्त आतली खुंटी मोडते.

हे नळ ठिबकतात ते बहुधा दोन कारणांनी. चकत्यांमध्ये वाळूचा कण जाऊन ओरखडा पडतो, किंवा चकत्यांच्या खालचं रबरी कडं थकतं. टाकी धुतल्यावर किंवा रस्त्यावरच्या लाइनचं काम झाल्यावर नळ ठिबकायला लागला तर वाळूचा संशय धरावा, हेडपार्ट काढून स्वच्छ पाण्याखाली धुवावा आणि परत बसवून पाहावं. अनेकदा एवढ्यावर काम होतं. ओरखडा पडलाच असेल तर चकत्या सुट्या मिळत नाहीत, अख्खा हेडपार्ट बदलावा लागतो. तो घेताना जुना बरोबर न्यावाच, कारण चावी ज्यावर बसते त्या टोकाचे दाते कंपनीगणिक वेगळे असतात आणि एका दात्याचा फरक असला तरी चावी बसत नाही. एक हेडपार्ट बदलला म्हणजे नळ नवा झाला, अंग तेच राहतं. तरी माझं मत विचाराल तर ज्या घरात पाणी गढूळ येतं, वाळू येते, तिथे साधा आट्यांचा नळच बरा. वाळू रबरात रुतते आणि पाच रुपयांत निघते.

एका ठिबकणाऱ्या नळासाठी इतकं कशाला, असं वाटू शकतं. म्हणून पाण्याचाही हिशोब करू. नळाचा थेंब मोठा असतो, चार ते सहा थेंबांत एक मिलिलीटर भरतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे १४ ते २२ लिटर. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं असं उद्दिष्ट आहे. त्याच्या पाव हिश्शाहून जास्त पाणी एका नळातून कुणाच्याही उपयोगी न पडता जातं. मुंबईत हे पाणी भातसा, तानसा, वैतरणेवरून येतं. यातली काही धरणं ज्या भागात आहेत त्या शहापूर तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. आकडा पटत नसेल तर रात्री झोपताना नळाखाली पातेलं ठेवा आणि सकाळी मापून पाहा.

लेखक आणि व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी हा हिशोब फार मनावर घेतला. २००७ पासून मीरा रोडच्या इमारतींत ते दर रविवारी प्लंबर आणि एक स्वयंसेवक बरोबर घेऊन दारोदार जाऊ लागले आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. सुरुवातीला त्यांनी यासाठी वापरले ते आपल्या साहित्यासाठी मिळालेल्या पुरस्काराचे पैसे. त्यांच्या कामातून मला दिसतं ते हे की लोकांना पाण्याची किंमत नाही असं मुळीच नव्हतं. दार वाजवून कुणी विचारलं की लोक नळ दाखवत होते. एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही आणि आपल्याला ते जमणार नाही असं वाटतं, या दोन गोष्टींत तो थेंब अडकलेला होता. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही, दुसरी आहे.

त्यासाठी घरात फार काही लागत नाही. एक स्क्रू पाना, एक पेचकस, थोडी टेफ्लॉन टेप, थोडी ग्लँडची दोरी, आपल्या नळांच्या मापाचे दोन-चार वायसर. आणि लागतो तो चालणारा स्टॉप कॉक. वर्षानुवर्षं न फिरवलेला स्टॉप कॉक क्षाराने जाम होतो, मग पाणीच बंद करता येत नाही म्हणून सगळी दुरुस्ती अडून राहते. तुमच्या घराचा कॉक कुठे आहे ते आज शोधा, हलक्या हाताने बंद करून पुन्हा उघडा, आणि तो हलत नसेल तर नळ ठिबकायची वाट न पाहता आधी तोच दुरुस्त करून घ्या.